अर्ध्या दारातली चोरी

"चोरी झाली आहे," समोरची बाई म्हणाली, "आणि चोर सापडू नये असं मला वाटतं."

टाचणीबाईंनी खिडकीबाहेरची नजर आत घेतली. "मग आमच्याकडे कशाला आलात?"

"कारण माझ्या भावाला तो सापडलाय."

कोपऱ्यातल्या टेबलावर मास्तरांनी वही उघडली. पस्तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना दोन सवयी जडल्या होत्या. कोणी बोलू लागलं की लिहून घ्यायचं, आणि लिहून झालं की मनात 'हेच सिद्ध करायचे होते' म्हणायचं. या खोलीत दुसरी सवय बिनकामाची होती. इथे सिद्ध करण्याचं खातं टाचणीबाईंकडे. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे पकडता पकडता त्यांना हे नाव पडलं होतं. अंगानेही तशाच, आणि टोचायच्याही तशाच.

बाई चाळिशी ओलांडलेली. पर्स नव्हती. किल्ल्या, मोबाइल, रुमाल, डबा, सगळं हातांत सांभाळत ती दोन मजले चढून आली होती, आणि आता ते मांडीवर ठेवावं की टेबलावर, हेच तिला ठरवता येईना.

"पर्सपासून सुरुवात करा," टाचणीबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं की पर्स..."

"तुमच्या हातांनी सांगितलं. पुढे."

पुढचं तिने एका दमात सांगितलं. आईला चार वर्षांपासून अल्झायमर. आई तिच्याकडे असते. दिवसा ती ऑफिसात, तेव्हा सांभाळायला एक बाई येते, त्यांना घरात मावशी म्हणतात. मावशी आल्या त्याला तीन आठवडे झाले, आणि बरोबर तीन आठवड्यांपासून घरातल्या वस्तू पाय फुटल्यासारख्या जाताहेत. धाकट्या भावाने दोन आणि दोन चार केले. येत्या शनिवारी मावशींना निरोप. सोमवारी आईची रवानगी गावाबाहेरच्या देखभाल केंद्रात.

"भाऊ वाईट नाही हो. तो म्हणतो, ताई, किती बायका बदलशील? घर चोरांना मोकळं टाकून तू ऑफिसात बसतेस. केंद्राचा फॉर्म भरून आणला त्याने. माझी सही हवी होती."

"केलीत?"

"फॉर्मच गेला. त्याच्या बॅगेसकट." तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी. "शनिवारी पाच वाजता दुसरा घेऊन येतोय. मावशींवर आई खूश आहे. चार वर्षांत पहिल्यांदा दुपारची रडत नाही. मावशी गेल्या तर मला एकटीला नाही जमणार, आणि मग मी सही करीन. मला माहीत आहे मी करीन."

आज गुरुवार होता.

*

मास्तरांची वही, पान १

गेलेल्या वस्तू, क्रमाने:

१. वरच्या मजल्यावरच्या काकांची छत्री.
२. ताईंची ऑफिसची पर्स.
३. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाची हत्यारांची पेटी. (जड!)
४. मावशींची स्वतःची डब्याची पिशवी. डबा धुतलेला, रिकामा. (भाऊ म्हणतो: हे नाटक.)
५. भावाची काळी बॅग. सोमवारी.

न गेलेल्या वस्तू: फडताळावरचं चांदीचं घड्याळ. ताईंचे दागिने, तेही उघड्या ड्रॉवरमध्ये. टीव्हीशेजारचा टॅब.

निष्कर्ष: चोराला अक्कल नाही.

पान २

पान १ वाचून टाचणीबाई म्हणाल्या, "मास्तर, चोराला अक्कल नाही की चोर नाही?" अर्थ विचारला. सांगितला नाही.

*

घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. दार उघडलं की लहानसा हॉल, समोर स्वयंपाकघर, उजवीकडे आईंची खोली. ताई त्यांना आईच म्हणत होती, म्हणून मास्तरांनीही मनातल्या मनात तेच धरलं.

त्या खोलीला दार अर्धंच होतं. कमरेइतकं, नवंकोरं, पॉलिशचा वास अजून न गेलेलं, आणि वर टेकायला रुंद फळी.

"महिन्याभरापूर्वी आई रस्त्यावर निघून गेली होती," ताई सांगू लागली. "सिग्नलपाशी सापडली. आधीच्या बाईंनी तिथेच हात जोडले. मग सुताराकडून हे करून घेतलं. आईला बाहेरचं दिसतं, कोंडल्यासारखं वाटत नाही. फळीवर औषधाचा ट्रे ठेवता येतो. खोलीतला आरसाही झाकला. आई आरशात बघून घाबरायची, ती बाई कोण आली म्हणून. कपाटालाच आरसा होता, तर त्याच्यावर छतापासून पडदा सोडला. कपडे काढून दांडीवर लावलेत. रिकामंच आहे ते कपाट. आई तिकडे फिरकतसुद्धा नाही."

टाचणीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. हिरवा, जाड, एका कडेला हाताच्या उंचीवर मळलेला. घरात इतकी माणसं राबताहेत आणि पडदा धुवायला कुणाला सवड नाही, असं मास्तरांच्या मनात आलं. ते त्यांनी लिहिलं नाही. उगाच कशाला कुणाचं उणं काढा.

आई फळीपाशी उभ्या होत्या. उंच, ताठ, पांढरे केस चापून बसवलेले. मास्तर समोर येताच त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीकडे त्यांनी बोट केलं.

"आत खायचं काही आहे?"

मास्तर गोंधळले. "बिस्किटं आहेत. आणि थर्मास."

"काढा."

"आई, आत्ता जेवलीस ना!" ताई ओशाळली. "कोणीही आलं की हेच. खायचं आहे का, पाण्याची बाटली आहे का. लोकांना वाटतं आम्ही उपाशी ठेवतो हिला. मावशी बिचाऱ्या प्रत्येक वेळी काहीतरी भरवतात. डॉक्टर ओरडले, वजन किती वाढलंय म्हणून."

मास्तरांनी मुकाट्याने बिस्किटांचा पुडा आणि थर्मास काढून दिला. आईंनी दोन्ही शेजारच्या खिडकीत ठेवले, फळीवरच्या डब्यातून काहीतरी उचललं आणि मास्तरांच्या तळव्यावर दाबलं. गोळी असेल, अशा समजुतीने मास्तरांनी ते सभ्यपणे खिशात टाकलं, आणि पिशवी दारालगतच्या स्टुलावर ठेवून ताईने दाखवलेला भिंतीवरचा फोटो बघायला वळले.

फोटोत आई पस्तिशीच्या होत्या. छातीवर पितळी नावपट्टी, मागे जाड पडदा.

"आई संग्रहालयात होती," ताई म्हणाली. "बत्तीस वर्षं."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर हस्तलिखितं, भिंगं, ताम्रपट उभे राहिले. एवढा मोठा मेंदू आणि त्याची ही दशा. त्यांना वाईट वाटलं. गेल्या महिन्यात ते स्वतः आपल्या पेन्शनच्या कागदांची जागा विसरले होते, तेही आठवलं.

*

*स्वयंपाकघर. टाचणीबाई आणि मावशी. दार लोटलेलं.*

"चहा घेणार?"

"नको. बसा तुम्ही."

"चोराच्या हातचा नको म्हणता?"

"साखर बंद आहे, मावशी. तुमचा डबा गेला?"

"गेला. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. दादा म्हणतात मीच लपवला. आता घरून वर्तमानपत्रात बांधून आणते."

"आजी दिवसभर काय करतात?"

"दारात उभ्या राहतात. बेल वाजली की सावरून, पदर नीट करून. आणि बटणं वाटतात."

"बटणं?"

"शिवणाच्या डब्यातली. मला, ताईंना, दादांना, नळवाल्याला. पोरं चॉकलेट वाटतात ना, तसं. आम्ही हसून घेतो आणि परत डब्यात टाकतो. नाहीतर घरभर होतील. आणि दोरा. पांढरं रीळ तीन आठवड्यांत दोनदा संपलं. शिवायला तर कोणी बसत नाही."

"दुपारच्या रडत नाहीत म्हणे."

"नाही. पहिला दिवस होता माझा, सुतार दार बसवून गेला, आजी येऊन उभ्या राहिल्या, फळीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, 'उशीर झाला का हो मला?' मी म्हटलं नाही. तेव्हापासून खुशीत आहेत." मावशींनी ओट्यावरच्या फडक्याची उगाच घडी केली. "मला घालवा हवं तर. पण त्यांना तिकडे नेऊन एका जागी बसवू नका, एवढं सांगा दादांना."

*

*जिना. टाचणीबाई आणि वरचे काका. हे संभाषण पाच मिनिटं आधीचं, पण काकांना दम लागल्याने ते हळू झालं.*

"किल्ली आहे माझ्याकडे, हो. कुलूप लागलं तर म्हणून. आता करा अटक."

"छत्री गेली तुमची."

"गेली ते बरं झालं. काड्या मोडल्या होत्या. पण वहिनींना चोर लागावा याचं वाईट वाटतं. सगळ्या शहराचं सामान विश्वासाने सांभाळलं त्यांनी."

"म्हणजे?"

"संग्रहालयात हो. दारातच असायच्या. लोक आधी त्यांना भेटायचे, मग पुतळ्यांना."

टाचणीबाईंनी त्यांना अर्धा जिना हात धरून चढवला आणि दार लावून घेतल्याचं ऐकूनच खाली आल्या.

*

*जिन्याचा खालचा टप्पा. टाचणीबाई आणि धाकटा भाऊ.*

मावशींशी बोलणं संपलं तेव्हा तो फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत उभा होता. दहा मिनिटं तिथेच होता, समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी वैतागून तसं सांगितलंही.

"तुम्हाला ताईने बोलावलं. मला उशीर लावायला."

"तुम्हाला घाई कसली?"

"घाई?" त्याने फोन खिशात टाकला. "सोमवारी मी आलो, तासभर बसलो. जाताना आई म्हणते, 'तुमचं झालं का बघून? बंद व्हायची वेळ झाली.' मुलगा आहे मी तिचा. आल्याआल्या हातात काहीतरी कोंबलं होतं, ते मी रागाने खिडकीतून भिरकावलं. ती कुणालाच ओळखत नाही, बाई. मग निदान सुरक्षित तरी राहू दे."

"आणि आईच वस्तू लपवत असेल तर?"

"लपवायला कुठे लपवलं हे आठवावं लागतं. ती दोन मिनिटांपूर्वीचं विसरते."

"तुम्ही घर शोधलंत?"

"मावशींची पिशवी शोधली, त्यांचा कोपरा शोधला. चोर ठाऊक असल्यावर घर कशाला शोधायचं?"

"बरोबर," टाचणीबाई म्हणाल्या, आणि मास्तर जवळ असते तर त्यांना कळलं असतं, की हा 'बरोबर' शाबासकीचा नाही.

*

मास्तरांची वही, पान ३

संशयित. मावशी: संधी आहे, पण स्वतःचा डबा का चोरतील? काका: किल्ली आहे, पण स्वतःची छत्री का चोरतील? भाऊ: मावशींना घालवायला मुद्दाम? पण स्वतःची बॅग, त्यात स्वतःचाच फॉर्म? प्रत्येक जण स्वतःचाच चोर दिसतो आहे. आता ही वही पिशवीत ठेवतो, ताईंना खुर्ची उचलायला मदत हवी आहे. परत आल्यावर लिहितो की

*

वही इथे तुटते, कारण वही गेली.

खुर्ची उचलून मास्तर आले तेव्हा स्टूल मोकळं होतं. पिशवी नाही, आतला मफलर नाही, पान तीन नाही. खिडकीत बिस्किटांचा पुडा आणि थर्मास मात्र जसेच्या तसे. आई आपल्या खुर्चीत हात जुळवून शांत बसल्या होत्या.

"झालं!" भावाने हात उडवले. "आता पाहुण्यांवरही हात मारला!"

"मावशी माझ्यासमोर होत्या," टाचणीबाई म्हणाल्या. "सबंध वेळ. आधी स्वयंपाकघरात, मग जिन्याच्या तोंडाशी, माझ्याच मागे."

ताई आईंच्या खोलीत शिरायला निघाली. टाचणीबाईंनी तिचा दंड धरला.

"नका जाऊ. शनिवारपर्यंत त्या दाराच्या आत कुणी काही उचकायचं नाही. औषधं, जेवण, कपडे, एवढंच. आणि बटणं उचलायची नाहीत. मास्तर, तुमच्या खिशात काय आहे?"

मास्तरांनी खिसा उलटा केला. निळं बटण, चार भोकांचं.

"ते माझ्याकडे द्या."

"पण माझी वही!"

"वही सुखरूप आहे. फार चांगल्या हातांत आहे."

शुक्रवारी टाचणीबाई तिकीट काढून संग्रहालयात जाऊन आल्या.

"काय काय पाहिलंत?" मास्तरांनी विचारलं. वहीवाचून त्यांचे हात रिकामे रिकामे झाले होते.

"काही नाही. आत गेलेच नाही."

*

इथे गोष्ट पाऊलभर थांबते. टाचणीबाईंच्या हाती जे आहे ते सगळं वाचकाच्याही हाती आहे. उलट त्यांनी पान एक एकदाच वाचलं, वाचकाला ते मागे जाऊन पुन्हा वाचता येतं. मास्तरांना ती सोय नव्हती, म्हणून त्यांना शनिवारपर्यंत वाट पाहावी लागली.

*

शनिवार, पाचला दहा कमी.

हॉलमध्ये सगळे होते. ताई, मावशी, दम टाकत काका, आणि नवा फॉर्म घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेला भाऊ. अर्ध्या दारामागे आई. माणसं जमलेली पाहून त्यांनी पदर सावरला.

"मावशी आल्या आणि वस्तू जायला लागल्या," टाचणीबाईंनी सुरुवात केली. "तुमचा सगळा संशय या एका वाक्यावर उभा आहे. पण त्याच दिवशी या घरात आणखी एक गोष्ट आली. मास्तर?"

"मी... मला..."

"दार. हे अर्धं दार. दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या, तुम्ही त्यातली एकच धरलीत, कारण माणसावर संशय घेता येतो, दारावर नाही घेता येत."

"दार चोऱ्या करतं?" भाऊ म्हणाला.

"ऐका. काय गेलं? छत्री, पर्स, हत्यारांची पेटी, डब्याची पिशवी, बॅग, मास्तरांची पिशवी. घड्याळ नाही, दागिने नाहीत. मास्तरांनी लिहिलं, चोराला अक्कल नाही. या सगळ्या वस्तूंत एकही वस्तू घरातली नाही. प्रत्येक वस्तू त्या दिवशी बाहेरून, कुणाच्या तरी हातात, आत आलेली आहे."

काकांनी आपला मोकळा हात पाहिला.

"आता आई आल्यागेल्याला काय विचारतात? खायचं आहे का, पाणी आहे का. तुम्ही भूक समजून भरवलंत. गुरुवारी मास्तरांनी बिस्किटं दिली. पुडा अजून खिडकीत आहे, न फोडलेला. भुकेलं माणूस पुडा बाजूला ठेवत नाही. बाजूला कोण ठेवतं? ज्याला नियम पाळायचाय तो. आत खाणंपिणं न्यायचं नाही."

ताईचा हात तोंडावर गेला. "संग्रहालय."

"तुम्ही म्हणालात, आई संग्रहालयात होती. मास्तरांनी ताम्रपट डोळ्यांसमोर आणले. काका म्हणाले, दारातच असायच्या. काल मी जाऊन तो दरवाजा पाहिला. कमरेइतकं अर्धं दार, वर फळी, मागे पडदा, पडद्यामागे खण. सामान ठेवायची खिडकी. बत्तीस वर्षं त्यांनी तिथे लोकांच्या पिशव्या घेतल्या, आणि प्रत्येक पिशवीमागे एक पितळी बिल्ला दिला. दोन सारखे बिल्ले असतात. एक पिशवीला बांधायचा, एक माणसाच्या हातात."

"बटण," मास्तर पुटपुटले.

"बटण. आणि बांधायला पांढरा दोरा. मास्तर, आज तुम्ही माझ्या आधी बोललात."

मास्तर लाल झाले.

"ताई, तुम्ही प्रेमापोटी आईला धोक्यापासून अडवायला दार केलंत. आरसा त्रास देतो म्हणून पडदा लावलात. कपाट रिकामं करून खण मोकळे केलेत. तुम्हाला न कळता तुम्ही त्यांना त्यांची नोकरी परत दिलीत. त्यांनी मावशींना काय विचारलं पहिल्या दिवशी? उशीर झाला का मला. म्हणून दुपारचं रडणं थांबलं. कामावर आहेत त्या."

"पण मग विचारलं तर सांगत का नाही?" ताईचा आवाज चिरकला. "रोज विचारते मी, आई, माझी पर्स कुठे ठेवलीस? तिचा चेहरा कोरा होतो. एकदा तर रडली."

"तुम्ही आठवायला सांगता. तेच एक त्यांच्याकडे नाही. भाऊ म्हणाले ते खरं आहे, लपवायला आठवण लागते. पण ही लपवणूक नव्हतीच. त्या खिडकीवर सामान परत घ्यायची एकच रीत आहे, आणि या घरात ती तीन आठवड्यांत कुणी केली नाही. बिल्ला घेतलात, हसलात, आणि आवरायचं म्हणून डब्यात टाकून दिलात. त्या बाई गिऱ्हाइकांची वाट बघत उभ्या आहेत. मास्तर, हे घ्या."

निळं बटण.

मास्तर दारापाशी गेले. त्यांनी बटण फळीवर ठेवलं.

आईंनी बटण उचललं. उजेडात धरलं. मग वळल्या, सरळ हिरव्या पडद्यापाशी गेल्या, मळलेली कड हाताने बाजूला सारली. कपाटाचं दार करकरलं. खणांवरून बोटं फिरली, थांबली. परत आल्या तेव्हा हातात मास्तरांची कापडी पिशवी होती, बंदाला पांढऱ्या दोऱ्याने बांधलेलं निळं बटण, चार भोकांचं.

त्यांनी दोरा दाताने तोडला. खिडकीतला पुडा आणि थर्मास पिशवीवर ठेवला.

"तपासून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही."

मास्तरांनी वही काढून छातीशी धरली. मग काका मोठ्याने हसले, आणि हॉल मोकळा झाला.

"मावशी..." भाऊ वळला.

"राहू द्या दादा. आधी माझा डबा सोडवू द्या." मावशी बटणांचा डबा घेऊन फळीशी गेल्या. "आजी, माझा बिल्ला यातच आहे कुठेतरी. मीच टाकलाय, मूर्खासारखा."

"रांगेत या," आई म्हणाल्या. "एकेक."

मग अर्धा तास त्या हॉलमध्ये जे चाललं ते बाहेरच्याने पाहिलं असतं तर घरातल्या सगळ्यांनाच अल्झायमर झालाय असं वाटलं असतं. चार मोठी माणसं जमिनीवर बसून बटणं निवडत होती. तांबडं चालेना. शिंपल्याचं चालेना. "हे नाही," आई ठामपणे सांगायच्या आणि परत करायच्या. तपकिरी चामड्याच्या बटणावर पर्स आली. मोठ्या काळ्यावर छत्री आली, काकांनी ती उघडून मोडक्या काड्यांखाली उभं राहून दाखवलं. नळवाल्याच्या पेटीला आईंनी दोन बटणं बांधली होती. जड सामानाला दोन, तिथे तसा नियम होता म्हणे. मावशींचा डबा शेवटून दुसरा आला. त्यांनी तो पदराने पुसला आणि उगाच पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या.

राहिला भाऊ. तो फळीपाशी आला.

"माझं बटण... बिल्ला हरवला. मी फेकून दिला."

मास्तरांनी टाचणीबाईंकडे पाहिलं. पुढे काय होणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आईंनी मान हलवली. "घाबरू नका. रोज दोघं-तिघं हरवतात. कशी आहे बॅग?"

"काळी."

"काळ्या दहा असतात. आत काय आहे ते सांगा. जुळलं की देते."

"लॅपटॉप. चार्जर. एक सफरचंद असेल, वाळलेलं."

"खायचं आत चालत नाही."

"चुकलं."

"आणखी?"

त्याने बहिणीकडे पाहिलं. "एक फॉर्म आहे."

"कसला?"

"माझ्या आईचा. तिला दुसरीकडे राहायला न्यायचं, त्याचा."

"आजारी आहेत?"

"विसरते. मला ओळखत नाही."

आईंनी फळीवर हात ठेवले. मग थोड्या पुढे वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "मलाही मुलगा आहे. शाळा सुटली की इकडे येतो. त्या खांबापाशी उभा राहतो. मित्र असतात बरोबर, म्हणून मी हाक मारत नाही. आई पिशव्या सांभाळते म्हटल्यावर पोर लाजणारच. पण मित्र गेले की येतो जवळ. रोज येतो, एक दिवस चुकवत नाही. तुमच्या आईंनाही ठाऊक असेल, तुम्ही येता ते."

त्याची मान खाली गेली. खिशातला नवा फॉर्म त्याने काढला, पाहिला, आणि मागे न बघता बहिणीच्या दिशेने धरला. तिने तो घेऊन दोन तुकडे केले, मग चार. आवाज झाला तेवढाच.

आई पडद्यामागून बॅग घेऊन आल्या. "तपासून घ्या."

त्याने चेन उघडली, सफरचंद काढलं, बाहेर ठेवलं. "ताई," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "सोमवारी आणि गुरुवारी दुपारी मी येतो. मावशींना तेवढी सुट्टी. तू निर्धास्त ऑफिसला जा."

"तुला जमेल?"

"शिकीन."

"पुढचं कोण?" आईंनी विचारलं.

रांगेत कुणीच नव्हतं. पाच वाजून गेले होते, काका जिना चढू लागले होते, मास्तर वहीत पान चार उघडत होते.

धाकट्याने बॅगेची चेन लावली आणि ती पुन्हा फळीवर ठेवली.

"मी."

"आत खायचं काही?"

"नाही. काढलं."

आईंनी डब्यातून दोन सारखी बटणं शोधली. "किती वेळ लागेल तुम्हाला?"

"लागेल वेळ," तो म्हणाला. "सगळं सावकाश बघायचंय."